वृद्ध सैनिकाच्या उशाशी कोण बसणार?

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासून ही प्रथा चालू आहे. त्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांतून निधी गोळा होतो, वीरपत्नींचे व वीरमातांचे सत्कार होतात, मंत्र्यांची भाषणे होतात. या समारंभांना कुणी आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याला वीरमरण आले नाही, जो लढाईतून जिवंत परत आला, ज्याने पुढे शेती केली किंवा एखाद्या कारखान्याच्या फाटकावर पहारा केला आणि आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असताना ज्याला स्वतःच्या बळावर अंथरुणावरून उठता येत नाही, त्या सैनिकाची आठवण या दिवशीही फारशी होत नाही. त्याला आंघोळ कोण घालतो, त्याची कूस कोण बदलतो, रात्री तहान लागली तर पाण्याचा पेला त्याच्या ओठाशी कोण नेतो, हे प्रश्न राष्ट्रीय महत्त्वाचे मानले जात नाहीत. ते घरगुती समजले जातात. आणि एखादा प्रश्न घरगुती ठरला की त्याचा सारा भार घरातल्या बाईवर टाकून शासन मोकळे होते.

हा प्रश्न पुढे ढकलण्यासारखा उरलेला नाही. १९६५ च्या युद्धात जो जवान वीस वर्षांचा होता तो २०२५ मध्ये ऐंशी वर्षांचा झाला. १९७१ च्या युद्धात जो वीस वर्षांचा होता तो २०३१ मध्ये ऐंशी वर्षांचा होईल. म्हणजे स्वातंत्र्योत्तर भारताच्या दोन मोठ्या युद्धांतील सैनिकांची पिढी याच दशकात परावलंबी वार्धक्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. या पिढीसाठी जे काही करावयाचे ते आजच करावे लागेल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तर हा विषय अगदी घरचा आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसे सैन्यात गेली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' या नावाने ओळखले जाऊ लागले. ही माणसे केवळ शौर्याच्या ओढीने सैन्यात गेली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कोरडवाहू जमीन, वाटण्या होऊन तुकडे पडलेली शेती आणि रोख पगाराची दुसरी सोय नाही, अशा स्थितीत एका भावाने मुंबईच्या गिरणीत जायचे आणि दुसऱ्याने पलटणीत, ही घाटावरची आणि कोकणातली जुनी रीत होती. गिरणी कामगार आणि जवान हे पुष्कळदा एकाच चुलीवरचे जेवून वाढलेले असत. म्हणूनच जवानाच्या म्हातारपणाचा प्रश्न हा श्रमिकाच्या म्हातारपणाच्या व्यापक प्रश्नाचाच एक भाग आहे, आणि समाजवादी चळवळीने तो देशभक्तीचा मक्ता घेतलेल्यांच्या हाती सोडून देणे योग्य होणार नाही.

तीन वाटा, तिन्ही अपुऱ्या

वृद्ध माजी सैनिकाला घरी शुश्रूषा मिळावी यासाठी शासनाकडून आज जे पैसे मिळू शकतात ते मुख्यतः तीन वाटांनी येतात. या तीन वाटा नीट तपासून पाहिल्या पाहिजेत, कारण प्रत्येकीच्या मागे एक वेगळे तत्त्व उभे आहे.

पहिली वाट 'कॉन्स्टंट अटेन्डन्स अलाउन्स' या भत्त्याची. त्याला मराठीत परिचर्या भत्ता म्हणता येईल. सैनिकी सेवेमुळे ज्याला शंभर टक्के अपंगत्व आले आहे आणि ज्याला सतत सोबतीच्या माणसाची गरज आहे असे वैद्यकीय मंडळाने ठरविले आहे, त्यालाच हा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, त्याची रक्कम दरमहा ६,७५० रुपये ठरली. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की ही रक्कम पंचवीस टक्क्यांनी वाढावी अशी तरतूद आहे. ती वाढ जमेस धरली तरी आकडा साडेआठ हजारांच्या आतच राहतो. दिवसाचा हिशेब केला तर हे सुमारे २८१ रुपये होतात. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर ३१२ रुपये ठरविण्यात आला होता. म्हणजे जो जवान देशासाठी पूर्णतः पंगू झाला त्याच्या अहोरात्र शुश्रूषेची शासनाच्या लेखी किंमत एका दिवसाच्या मातीकामाहूनही कमी आहे. त्यातही रोजगार हमीचे काम दिवसाकाठी ठरावीक तासांचे असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा चोवीस तासांची असते.

रकमेपेक्षाही या भत्त्याची अट अधिक विचार करण्यासारखी आहे. समजा, एखाद्या जवानाचा पाय १९७१ च्या युद्धात निकामी झाला आणि त्याचे अपंगत्व साठ टक्के ठरले. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तो अंथरुणाला खिळला. त्याला आता सतत सोबतीची गरज आहे, हे डोळ्यांना दिसते. परंतु पक्षाघात सेवेमुळे आलेला नाही आणि सेवेमुळे आलेले अपंगत्व शंभर टक्के नाही. साहजिकच भत्ता नाही. शासन या ठिकाणी जखमेची भरपाई करते. गरजेची दखल घेत नाही.

दुसरी वाट वाढीव निवृत्तिवेतनाची. सहाव्या वेतन आयोगापासून, म्हणजे १ जानेवारी २००६ पासून, ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्या निवृत्तिवेतनधारकाला मूळ निवृत्तिवेतनाच्या २० टक्के जादा रक्कम मिळते. पंच्याऐंशीव्या वर्षी ती ३० टक्के, नव्वदाव्या वर्षी ४० टक्के, पंच्याण्णवाव्या वर्षी ५० टक्के आणि शंभराव्या वर्षी १०० टक्के होते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांनाही हा लाभ आहे. वार्धक्यात खर्च वाढतो हे येथे मान्य झाले, ही गोष्ट चांगली आहे. परंतु वाढ टक्केवारीने दिल्यामुळे काय घडते ते पाहावे. 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' या योजनेची २०२२ मध्ये जी फेररचना झाली तीत शिपायाचे निवृत्तिवेतन सुमारे २० हजार आणि लेफ्टनंट जनरलचे सुमारे १ लाख १२ हजार रुपये असल्याचे दाखविले गेले. ऐंशीव्या वर्षी पहिल्याला जादा मिळतात सुमारे चार हजार आणि दुसऱ्याला बावीस हजारांहून अधिक. महागाई भत्ता या दोहोंवर वेगळा. शिपाई पडला काय किंवा जनरल पडला काय, त्याला उचलून बसवायला लागणारे हात तेवढेच असतात. शिवाय जनरलच्या पदरी घर असते, बचत असते, परदेशी नोकरी करणारी मुले असण्याचा संभव असतो. शिपायाजवळ यांपैकी बहुधा काहीच नसते. ज्याला मदतीची अधिक गरज, त्याला मदत कमी, असा हा उलटा न्याय आहे.

तिसरी वाट ज्यांना निवृत्तिवेतनच नाही अशांची. पूर्वी सैन्यातील भरती काही वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि उरलेली वर्षे राखीव सेवा अशा बोलीवर होत असे. पंधरा वर्षांची अट पुरी होण्यापूर्वीच ज्यांना सोडून देण्यात आले, किंवा घरच्या अडचणीमुळे ज्यांनी स्वतःच सेवा सोडली, ते निवृत्तिवेतनाला मुकले. हवालदार व त्याखालील हुद्द्यांच्या, पासष्ट वर्षांवरील अशा निर्धन माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना संरक्षणमंत्र्यांच्या निधीतून एक मासिक अनुदान मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते 'पेन्युरी ग्रँट' या नावाने ओळखले जाते. हे अनुदान दरमहा ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ८,००० करण्याचा निर्णय झाला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना हा नवा दर लागू झाला. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु हा पैसा येतो तो ध्वजदिन निधीतून, म्हणजे नागरिकांच्या देणग्यांतून; आणि तो मागायचा तो आपण विपन्न आहोत असा दाखला जोडून. देशासाठी ज्याने बंदूक उचलली त्याच्या म्हातारपणाची तजवीज डब्यात पडणाऱ्या नाण्यांवर ठेवणे हे कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याला शोभत नाही.

या तीन वाटांखेरीज १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना चालू आहे. तिची दवाखान्यांची साखळी आहे आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांतील उपचारांचा खर्च ती उचलते. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिचा सारा भर उपचारांवर आहे. रुग्णालयातून घरी पाठविलेल्या म्हाताऱ्याला पुढे महिनोन्महिने भरवायचे, पुसायचे, फिरवायचे कुणी, याचे उत्तर तिच्यापाशी नाही. वार्धक्य हा बरा होणारा आजार नव्हे. त्याला औषधापेक्षा माणूस जास्त लागतो.

न मोजलेले श्रम

मग आज हे काम करते कोण? सैनिकाची बायको, आणि तिचे हातपाय थकले की सून. ज्या बाईने नवरा सीमेवर असताना एकटीने शेत राखले, मुले वाढविली, सासूसासऱ्यांचे केले, तिच्याच माथी सत्तराव्या-पंचाहत्तराव्या वर्षी हे नवे ओझे येते. तिच्या या श्रमांना ना वेतन, ना सुटी, ना कुठल्या हिशेबवहीत जागा. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत असे आढळले की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे. घरातल्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्या कामी १३४ मिनिटे देतात, तर पुरुष ७६. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीत या सेवेची गणना होत नाही. म्हणून अर्थमंत्र्यांना ती फुकट वाटते. जो देतो त्याला ती फुकट पडत नाही; पाठीचा कणा आणि उरलेले आयुष्य यांच्या रूपाने तो तिची किंमत मोजीतच असतो. पुढे नवरा गेला की हीच बाई कुटुंब निवृत्तिवेतनावर एकटी राहते, आणि तिच्या उशाशी बसायला कुणी उरत नाही.

ज्या घरांना थोडेफार परवडते ती शहरात ब्युरोमार्फत मावशी किंवा मामा ठेवतात. या व्यवहाराची दुसरी बाजू तितकीच करुण आहे. बारा-बारा तासांची पाळी, आठवड्याची सुटी नाही, आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि पगारातून ब्युरोचे कमिशन वजा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. परंतु रुग्णाची सेवा करणाऱ्या या बायांना त्याचा आधार क्वचितच वाटतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांच्या हक्कांसाठी २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. तेव्हा म्हाताऱ्या सैनिकाच्या घरी नुसते पैसे पोचविले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. एका गरिबाची शुश्रूषा दुसऱ्या गरिबाच्या पिळवणुकीवर उभी राहत असेल, तर समाजवाद्याला तीत समाधान मानता येणार नाही.

अमेरिकेच्या अनुभवाचा अर्थ

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. त्यात घेण्यासारखे आहे आणि टाळण्यासारखेही आहे.

तेथील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. १८९० च्या कायद्याने असे ठरविले की ज्या सैनिकाने किमान नव्वद दिवस सेवा केली आणि जो आता अंगमेहनतीचे काम करू शकत नाही, त्याला निवृत्तिवेतन मिळावे, मग त्याची असमर्थता युद्धातून आलेली असो वा नसो. पुढे नुसते वार्धक्य हेही पुरेसे कारण मानले गेले. भारतीय शासनाला जे तत्त्व आजही मान्य नाही ते अमेरिकेने सव्वाशे वर्षांपूर्वीच स्वीकारले होते. आज तेथे 'एड अँड अटेन्डन्स' या नावाची तरतूद आहे. युद्धकाळात सेवा केलेल्या आणि मर्यादित उत्पन्नाच्या माजी सैनिकाला आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्याचा हात लागत असेल किंवा तो अंथरुणाला खिळला असेल, तर त्याच्या निवृत्तिवेतनाची मर्यादा वाढविली जाते. हयात पत्नीलाही हा लाभ आहे. २०२५ साठी एकट्या माजी सैनिकाची ही मर्यादा वर्षाला सुमारे २८,३०० डॉलर होती. यात हुद्दा पाहिला जात नाही, जखम पाहिली जात नाही. उत्पन्न आणि परावलंबन एवढेच पाहिले जाते. २०१० च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. गंभीर जखमी सैनिकाची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबीयाला दरमहा मानधन देण्याची सोय झाली. २००१ नंतरच्या सैनिकांपुरती असलेली ही सोय पुढे २०२० आणि २०२२ मध्ये आधीच्या पिढ्यांनाही खुली करण्यात आली. पत्नीचे किंवा मुलीचे श्रम हे श्रमच आहेत, ही गोष्ट शासनाने त्या रीतीने कागदावर मान्य केली.

आता टाळण्यासारखे काय ते पाहावे. पैसा दिला, पण सेवा बाजारावर सोडली, की दलाल जमतात. अमेरिकेच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला २०१२ मध्ये असे आढळले की दोनशेहून अधिक संस्था वृद्ध सैनिकांना मालमत्ता इकडची तिकडे करून या लाभास पात्र ठरविण्याचा धंदा करीत होत्या. त्याला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये मालमत्तेची मर्यादा आणि मागील तीन वर्षांच्या व्यवहारांची तपासणी आली, आणि दलालांच्या पापाचे प्रायश्चित्त कागदपत्रांच्या ओझ्याच्या रूपाने खऱ्या गरजवंताच्या माथी आले. सेवा करणाऱ्या कामगारांची स्थितीही तेथे फार वेगळी नाही. १९७४ मध्ये घरकामगारांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला, परंतु वृद्धांच्या सोबतीला राहणाऱ्यांना त्यातून वगळले गेले. हे वगळणे बव्हंशी रद्द व्हायला २०१५ साल उजाडावे लागले, आणि २०२५ मध्ये तेथील शासनाने ते संरक्षण पुन्हा काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला.

सर्वांत मोठा धडा मात्र इतिहासातला आहे. थेडा स्कॉचपोल या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की १८८० ते १९१० या काळात अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग यादवी युद्धातील सैनिकांच्या निवृत्तिवेतनावर जात होता. एवढी मोठी योजना उभी असूनही ती सर्वसाधारण कामगारांपर्यंत पोचली नाही. सैनिक हा वेगळा, पुण्यवान वर्ग ठरला. कामगाराला वार्धक्याच्या विम्यासाठी १९३५ पर्यंत, महामंदीचे चटके बसेपर्यंत, थांबावे लागले. सैनिकांचा हक्क बाकीच्या श्रमिकांपासून तोडून मागितला की तो उपकाराच्या कुंपणात अडकतो. भारतातील समाजवाद्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दोन आक्षेप

या मागणीवर दोन बाजूंनी आक्षेप येतील. उजवीकडून असे म्हटले जाईल की पैसा कुठून आणायचा? २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनांसाठी १ लाख ६० हजार ७९५ कोटी रुपयांची तरतूद होती. खात्याच्या एकूण तरतुदीच्या जवळजवळ २४ टक्के एवढा हा भाग आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आठवा केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला, त्याच्या कार्यकक्षेतही कर्मचाऱ्यांच्या अंशदानाविना चालणाऱ्या निवृत्तिवेतन योजनांच्या भाराचा मुद्दाम उल्लेख आहे. परंतु भार एवढा आहे म्हणून तो कसा वाटला जातो हे विचारू नये, असा याचा अर्थ होत नाही. ऐंशीनंतरची वाढ टक्केवारीऐवजी गरजेवर बेतली, वरच्या हुद्द्यांच्या वाढीला कमाल मर्यादा घातली, तर त्याच पैशाचा मोठा हिस्सा ज्याला खरोखर माणूस ठेवायचा आहे त्याच्याकडे वळविता येईल. शिवाय आज जो खर्च वाचला असे दाखविले जाते तो वाचलेला नसतो. तो शासनाच्या वहीतून निघून बायकांच्या अंगावर गेलेला असतो.

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूचा, आणि म्हणून अधिक गंभीरपणे घेण्यासारखा आहे. शेतमजुराला, ऊसतोडणी कामगाराला, हमालाला म्हातारपणी श्रावणबाळ योजनेचे जेमतेम दीड हजार रुपये मिळतात. केंद्राचा वाटा तर ऐंशीच्या आत दोनशे आणि ऐंशीनंतर पाचशे रुपये एवढाच वर्षानुवर्षे राहिला. मग सैनिकासाठी वेगळी मागणी का? याचे उत्तर असे की एखादा हक्क कुठेतरी प्रथम पायाशुद्ध रीतीने उभा राहावा लागतो. रोजगार हमी महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये तिचे तत्त्व सबंध देशाने स्वीकारले. सैनिकाच्या बाबतीत शासनाला 'आमचा संबंध नाही' असे म्हणता येत नाही, कारण मालक तेच आहे. तेव्हा येथे गरजेवर आधारलेला शुश्रूषेचा हक्क सिद्ध करावा आणि तोच दाखला देऊन पुढे शेतमजुरासाठी मागावा, हा मार्ग व्यवहार्य आहे. अट एवढीच की पहिल्या दिवसापासून दोन्ही मागण्या एकाच फलकावर लिहिल्या पाहिजेत.

अग्निवीराचे म्हातारपण

हा प्रश्न केवळ जुन्या पिढीचा आहे असेही नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर चौघांतील फार तर एकाला कायम नेमणूक, उरलेल्यांच्या हाती सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी. त्यातही निम्मे अंशदान त्या तरुणाच्या स्वतःच्या पगारातले. निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही. अल्पकाळ सेवा करून रिकाम्या हाताने घरी गेलेला जो जुना जवान आज विपन्नावस्थेच्या दाखल्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बसलेला दिसतो, तोच नमुना आता कायदेशीर नियम म्हणून लाखो तरुणांना लागू केला जात आहे. २०२३ मध्ये एकविसाव्या वर्षी भरती झालेला अग्निवीर २०८२ मध्ये ऐंशी वर्षांचा होईल. त्या वेळी त्याच्या उशाशी बसण्याची जबाबदारी आपली नाही, हे राज्याने साठ वर्षे आधीच लिहून ठेवले आहे.

काय मागावे, काय करावे

मागण्या थोडक्यात अशा मांडता येतील. एक, परिचर्या भत्त्यासाठी सेवेमुळे आलेल्या शंभर टक्के अपंगत्वाची अट काढून टाकावी आणि परावलंबन हाच निकष ठेवावा. अंघोळ, अन्न, वस्त्र, शौच आणि हालचाल यांत किती तास दुसऱ्याची मदत लागते हे गावच्या आरोग्यकेंद्राने ठरवावे. दोन, रक्कम सर्व हुद्द्यांना सारखी आणि त्या तासांच्या किमान वेतनाइतकी असावी. तीन, हा हक्क सैनिकाच्या पत्नीला व विधवेलाही असावा, आणि घरातलीच व्यक्ती सेवा करीत असेल तर मानधन तिच्या स्वतःच्या नावे मिळावे. चार, निवृत्तिवेतन नसलेल्यांचे अनुदान देणगीच्या निधीतून काढून अंदाजपत्रकात आणावे. पाच, अग्निवीरांना हे सर्व हक्क मिळावेत.

सहावी मागणी सेवा करणाऱ्यांची. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत द्यायची, अशी त्याची रचना आहे. १९८१ मध्ये हाच नमुना खाजगी सुरक्षारक्षकांना लावला गेला. घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या कामगारांसाठी असेच मंडळ स्थापन करता येईल. सैनिकाचा भत्ता या मंडळाकडे जाईल, मंडळ प्रशिक्षित माणूस घरी पाठवील, आणि ब्युरोच्या दलालीला जागा राहणार नाही. केरळने २००८ मध्ये शुश्रूषेचे धोरण स्वीकारून स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत घरोघर परिचारिका पाठविण्याची पद्धत रुजविली. जे केरळच्या पंचायतींना जमले ते सातारा-सांगलीच्या पंचायतींना जमू नये असे काही नाही.

वेतन आयोगाला अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत ठरली आहे. अशा आयोगापुढे अधिकाऱ्यांच्या संघटना आपली निवेदने वेळेवर आणि नेटकेपणाने मांडतात. शिपायाचे आणि त्याच्या विधवेचे म्हणणे मांडायला बहुधा कुणी नसते. पक्षाच्या तालुका शाखांनी ही उणीव भरून काढावी. आपल्या तालुक्यात ऐंशी वर्षांवरील किती माजी सैनिक व विधवा आहेत, त्यांपैकी किती जण परावलंबी आहेत, किती जणांना निवृत्तिवेतन नाही, आणि त्यांची सेवा घरात कोण करते, अशी चार रकान्यांची यादी घरोघर जाऊन करावी. ज्यांचे अनुदानाचे अर्ज राहिले असतील ते भरून द्यावेत. त्याच फेरीत गावातल्या वृद्ध शेतमजुरांचीही यादी तयार करावी आणि दोन्ही याद्या एकाच निवेदनासोबत जोडाव्यात. आकडे हातात असले की मंत्र्यांच्या भाषणांना उत्तर देणे सोपे जाते, आणि पुढच्या ७ डिसेंबरला जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायला कार्यकर्त्यांपाशी काही ठोस कागद असेल.